बंद घराला हवा

आमची ही गेल्यावर मला पहिली अडचण आली ती किल्ल्यांची.

स्वयंपाकघराच्या दारामागे खुंट्यांची एक फळी आहे. तिच्यावर लोकांच्या घरांच्या किल्ल्या असतात. आमच्या भागात बरीच माणसं घर विकायला काढून दुसरीकडे राहायला जातात. कोणाची बदली होते, कोणी मुलाकडे जातं, कोणाचं पटत नाही म्हणून दोघं दोन दिशांना जातात. घर मागे बंद राहतं. अशी माणसं जाताना किल्ली हिच्याकडे देऊन जायची. घर बघायला कोणी येणार असलं की एजंट हिला फोन करायचा आणि ही हातातलं काम टाकून पायात चपला सरकवायची. मिळकत म्हणाल तर किरकोळ. पण तिला लोकांची घरं बघायला आवडायचं.

किल्ल्यांवर नाव नाही, नंबर नाही. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली. "रस्त्यात पडली तर चोराला पत्ता कशाला द्यायचा?" असं म्हणायची. कुठला रंग कोणाचा हे तिच्या डोक्यात. दुखणं वाढल्यावर तिने एकदा मला फळीसमोर उभं केलं आणि सगळे रंग पाठ करून घेतले. चुकलो की परत पहिल्यापासून.

"लिफ्टच्या एवढ्या वायरी लक्षात राहिल्या तुमच्या, आणि चार लोकरी राहत नाहीत?"

मी लिफ्टचा मेकॅनिक होतो. जन्मभर इमारती पाहिल्या त्या लिफ्टच्या खड्ड्यातून नाहीतर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून. लोकांच्या घरात कधी गेलो नाही, फार तर दारात उभं राहून पाणी मागितलं असेल. ही मात्र बंद घरांची डॉक्टर होती. गिऱ्हाईक यायच्या आधी जाऊन खिडक्या उघडायची. नळ सोडून लाल पाणी निघून जाऊ द्यायची. मोरीत बादलीभर पाणी ओतायची, कारण मोरी सुकली की खालचा वास वर येतो. जुनं कॅलेंडर भिंतीवर असेल तर काढून टाकायची. म्हणायची, "गेल्या वर्षीचा महिना दिसला की माणसाला वाटतं इथे काहीतरी वाईट झालंय." आणि कोणी येवो न येवो, आठवड्यातून एकदा प्रत्येक घर उघडून यायचीच. बंद घराला हवा द्यावी लागते, नाहीतर ते आतून आंबतं, असं तिचं म्हणणं.

मालकांना ती सरळ सांगायची, "रविवारीच या, दुपारी नको, आधी दोन दिवस कळवा, असलं काही माझ्याकडे चालणार नाही. घ्यायचं मनात येतं तेव्हा माणसाला दार उघडं दिसलं पाहिजे. दोनदा परत गेला की तो तिसऱ्यांदा येत नाही."

एजंटला तिने घाईभाऊ नाव ठेवलं होतं. त्याची स्कूटर बंद व्हायच्या आधी तो खाली उतरलेला असायचा. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मी त्याचा भाऊजी झालो. ती गेली तेव्हा तो आमच्या दारात आला, चपला काढून आत बसला, आणि चहा गार होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला इतका वेळ गप्प मी कधी पाहिला नव्हता.

जाताना म्हणाला, "भाऊजी, किल्ल्या परत घेऊन जाऊ का? तुम्हाला कशाला ताप."

आमची लेकही फोनवर तेच म्हणत होती. "बाबा, देऊन टाका त्या किल्ल्या. तुम्हाला जमणार आहे का ते?"

मी दोघांनाही नाही म्हणालो. फळीवरच्या त्या लोकरी नसत्या तर स्वयंपाकघरात तिचं असं काय उरलं होतं? डबे होते, पण डबे सगळ्यांच्याच घरात असतात.

पहिला फोन आला तो हिरव्या लोकरीचा. म्हणजे टीचरचा फ्लॅट. टीचर शाळेतून निवृत्त होऊन दुसऱ्या शहरात भावाकडे राहायला गेल्या होत्या, म्हाताऱ्या आईला घेऊन. फ्लॅट आमच्या मागच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे मी तिथे कधी पाय ठेवला नव्हता.

"अर्ध्या तासात घेऊन येतो," घाईभाऊ म्हणाला. "चांगलं गिऱ्हाईक आहे. तुम्ही फक्त खिडक्या उघडून ठेवा."

मी किल्ली घेऊन गेलो. पुढची खोली रिकामी होती. आतल्या खोलीत खिडकीला लागून एक लाकडी दिवाण होता. जिन्याच्या वळणात बसेना म्हणून टीचर तो मागे टाकून गेल्या, हे मला माहीत होतं. दिवाणावर काय आहे ते माहीत नव्हतं.

हिची तपकिरी शाल. चौपदरी घडी करून उशीसारखी ठेवलेली, मध्ये डोक्याचा खळगा. शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर एक पेला, त्यावर बशी झाकलेली. तिचा कंगवा. दुखणं थांबवायच्या गोळ्यांचं पाकीट, बरंचसं रिकामं. आणि बाम.

पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. शेवटच्या महिन्यांतही ती दुपारी जेवण झालं की म्हणायची, "जरा घरांना हवा देऊन येते." मी चिडायचो. म्हणायचो, तू पड, मी जातो. तर म्हणायची, "तुम्हाला नळ सोडायचा कळतो, बंद करायचा नाही." आणि जायची. भिंतीला हात लावत लावत ती जिना उतरायची आणि मी वरून बघायचो. लोकांच्या घरासाठी जीव काढतेय असं वाटायचं. लोकांचा राग यायचा.

म्हणजे ती इथे येऊन पडत होती. आमच्या घरात पलंग होता. त्यावर मी तिच्यासाठी नवीन गादी आणली होती.

मी दिवाणाच्या कडेला टेकलो. शालीला तिच्या केसांचा वास होता, तेलाचा आणि बामचा मिळून. घरातल्या तिच्या कपड्यांचा वास लेकीने सगळं धुऊन टाकलं तेव्हाच गेला होता. बिचारीने मला मदत म्हणून धुतलं. इथलं कोणी धुतलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली.

बाहेर घाईभाऊचा आवाज. "भाऊजी! आलोय आम्ही." मग कोणा बाईला सांगत होता, "उजेड बघा तुम्ही आतला, उजेड! असा उजेड या भागात नाही मिळायचा." परत बेल. मी उठलो नाही. श्वास सुद्धा हळू घेतला. मोबाईल घरी विसरलो होतो म्हणून वाचलो. घरात बसून मी एखाद्या उधारी बुडवणाऱ्यासारखा लपलो होतो, आणि घरही माझं नव्हतं.

बाहेर ती बाई म्हणाली, "आधी किल्ली तरी आहे का नाही ते बघून आणायचं ना आम्हाला."

पायऱ्यांवरचे आवाज खाली गेले. मी खिडकी न उघडताच दाराला कुलूप लावून घरी आलो.

संध्याकाळी घाईभाऊला सांगितलं, "कुलूप अडकलंय. तेल घालून बघतो."

"तुम्ही मेकॅनिक ना?" तो म्हणाला.

"लिफ्टचा."

त्यानंतर मी रोज दुपारी तिथे जायला लागलो. दार उघडायचो तेवढंच, आणि आत शिरलो की लगेच लावून घ्यायचो. खिडकीला हात लावत नव्हतो. खिडकी उघडली की तिचं जे काही त्या खोलीत राहिलं होतं ते निघून जाणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. दिवाणावर कधी आडवा झालो नाही, शालीचा खळगा मोडेल म्हणून. खाली फरशीवर, दिवाणाला पाठ टेकून बसायचो. फुलपात्रातलं पाणी हळूहळू आटतं तसा तो वास रोज थोडा कमी होतोय असं वाटायचं, म्हणून कमी वेळ बसायचो, कमी श्वास घ्यायचो. वेडेपणा होता. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि एकच प्रश्न घेऊन बसायचो. माझ्यापासून उठून ही इथे का येत होती?

मी काय कमी केलं होतं? पेज करायला शिकलो. गोळ्यांच्या वेळा पाळल्या. रात्री तिने कूस बदलली तरी मी उठून दिवा लावायचो, विचारायचो, काय होतंय? पाणी देऊ? पाय दाबू? ती म्हणायची, काही नाही हो, झोपा. घरात तिला काय कमी होतं?

इकडे घाईभाऊचे फोन येतच होते. मी सांगत गेलो. पाण्याच्या लाईनचं काम चाललंय. जिन्यात रंग ओला आहे. एकदा म्हणालो, मी लेकीकडे आलोय, दोन-चार दिवसांनी बघू.

"बरं," घाईभाऊ म्हणाला. "लेकीच्या गावाला पण दूधवाल्याकडे अशीच रांग असते का?"

"म्हणजे?"

"मागे बघा."

मी दुधाच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो, आणि तो माझ्या मागे तिसरा. फोन कानाला तसाच. मधले दोघं आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. एकाने तर बाजूला होऊन त्याला पुढे यायला वाट करून दिली, की बाबा, काय भांडायचं ते समोरासमोर भांडा.

"भाऊजी," तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "मला सांगा तर खरं. माझ्यावर राग आहे का?"

"नाही रे."

"ते नवरा-बायको होते ना, उजेड आवडणारे? गेले. दुसरीकडे घेतलं त्यांनी. तीनदा आणलं होतं मी त्यांना दारापर्यंत. माझं जाऊ द्या, मला रोज दोन शिव्या कमी पडल्या तर चुकल्यासारखं वाटतं. पण टीचरला मी काय सांगू? ताई असत्या तर..."

आणि तो थांबला. माझ्या हातातली पिशवी त्याने घेतली, दुधाचे पैसे दिले, आणि मला घरापर्यंत स्कूटरवर सोडलं. स्कूटर त्या दिवशी त्याने हळू चालवली.

मी तरी किल्ली दिली नाही.

मध्ये हवा खराब झाली. आभाळ गच्च, पाऊस थांबून थांबून, भिंतींना हात लावला की ओलसर लागायचं. मला सर्दी-ताप झाला आणि मी आठवडा-दीड आठवडा घरातच पडून राहिलो. बरं वाटायला लागलं आणि एका सकाळी दार वाजलं. दारात टीचर. हातात छत्री आणि प्रवासाची पिशवी. उंचीने लहान, पण समोर उभ्या राहिल्या की आपोआप आपले हात मागे जातात.

"भाऊ, फोन करून उपयोग होत नाही असं कळलं, म्हणून आले. चला, घर उघडून द्या मला."

किल्ली फक्त माझ्याकडे होती. नाही कसं म्हणणार? दार त्यांचं होतं.

जिना चढताना त्या बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. "भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. आईचे गुडघे गेलेत. तिकडे गेल्यापासून ती एकदाही खाली उतरलेली नाही. खिडकीतून भाजीवाल्याशी बोलते, तेवढंच तिचं फिरणं. त्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळतायत. समोर जरा अंगण आहे. इथलं विकलं गेलं तर तिकडचं घेता येईल. ते लोक किती थांबतील माझ्यासाठी?"

मी कुलूप उघडलं. सहज उघडलं. टीचरनी कुलपाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

दार ढकललं आणि आतून जो वास आला तो तिच्या केसांचा नव्हता. ओल्या पोत्यांचा वास. गटाराचा वास. मी पुढे झालो. आतल्या खोलीत खिडकीखालची भिंत काळी पडली होती, बुरशीचे गोल गोल डाग छतापर्यंत चढले होते. दिवाणाच्या पायांना पांढरं काहीतरी आलं होतं. शालीवरही. तिचा खळगा तसाच होता, आणि त्यात राखाडी ठिपके.

मी शाल उचलून नाकाशी धरली. काही नव्हतं. नुसती ओल.

सगळं मीच केलं होतं. हिने आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली होती, आणि नेमकी तीच मी तिला धरून ठेवायला म्हणून मोडली होती.

टीचर दारात उभ्या होत्या. त्यांनी भिंत बघितली, शाल बघितली.

"मला तुमच्यावर रागवायचंय," त्या म्हणाल्या. "पण आधी खिडक्या उघडा."

मी जागचा हललो नाही. त्यांनीच पुढे होऊन खिडक्या उघडल्या. लाकूड फुगलं होतं, एक झडप दोन हातांनी ढकलावी लागली. मग दिवाणाच्या एका टोकाला त्या बसल्या, पदराने हात पुसत.

"वहिनींची शाल का ही?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं होतं मला. फोन करून. दुपारी जरा पडले तुमच्या दिवाणावर तर चालेल का, म्हणून. मी म्हटलं, अहो विचारता काय."

"मला नाही सांगितलं तिने."

"नाही सांगितलं?"

"घरी पलंग होता, टीचर. गादी होती. मी होतो."

टीचर थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या. वर्गात एखाद्या पोराला नापास झालाय हे सांगायच्या आधी त्या अशाच बघत असतील.

"तुम्ही घरी काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणजे? काळजी घेत होतो."

"तेच ना," त्या म्हणाल्या. "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. त्या मला म्हणाल्या, घरी मी जरा कण्हले तरी हे उठून उभे राहतात. त्यांचा चेहरा असा होतो की मग मलाच हसावं लागतं. दिवसभर बरं असल्यासारखं वागून दमून जाते. म्हणून इथे येते. तासभर नीट आजारी पडून घेते, मग घरी जायला बरं पडतं."

तासभर नीट आजारी पडून घेते. हे बोलणं तिचंच होतं. टीचरच्या तोंडून ऐकलं तरी मला आवाज तिचाच ऐकू आला, तिची ती हसून बोलायची तऱ्हा.

मी रडलो. टीचरनी मला गप्प केलं नाही, पाणी आणून दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. तशाच बसून राहिल्या. नंतर मला वाटलं, हेच तिला माझ्याकडून हवं असेल. आपण रडत असताना दुसऱ्याने नुसतं बसून राहायचं, काही करायचं नाही. मला ते येत नव्हतं. लिफ्ट बंद पडली की माणूस आत अडकलेला असतो, तिथे नुसतं बसून चालत नाही. जन्मभर तीच सवय.

"आता रागावते," जरा वेळाने टीचर म्हणाल्या. "माझी आई खिडकीत बसलीय भाऊ. तुम्हाला वहिनींसाठी ही खोली हवी होती तर मला फोन करायचा होता. मी ही भिंत अशी होऊ दिली नसती. वहिनींनी तर मुळीच नाही."

"मी करून देतो सगळं."

"कराच."

त्या दुपारच्या गाडीने परत गेल्या. जाताना दिवाणाला हात लावून म्हणाल्या, "हा तुम्ही न्या हवा तर."

"जिन्यात बसत नाही."

"हो, ते पण आहेच," असं म्हणून त्या जिना उतरायला लागल्या, आणि वळणावर थांबून एकदा मान हलवली. बहुतेक त्या वळणाला उद्देशून.

मी भिंत खरवडली. ब्लीचच्या पाण्याने धुतली. घाईभाऊने एक रंगारी पाठवला, तो रंग कमी लावायचा आणि गाणी जास्त म्हणायचा, पण भिंत चांगली झाली. दिवाणाचे पाय मी काचपेपरने घासले. मोरीत पाणी ओतलं. नळ सोडले आणि आठवणीने बंद केले.

शाल घरी नेऊन धुतली. दोनदा धुवावी लागली. दोरीवर टाकताना ती माझ्या हातात एकदम हलकी लागली, कोणाचीही असावी तशी. ऊन पडलं होतं. मी तिच्याखाली उभा राहिलो आणि मला कळलं की आता कुठेच काही नाही. घरात नाही, तिथे नाही. पंचेंद्रियांना कळेल असं काही तिचं या जगात राहिलेलं नाही. असेल ते माझ्या डोक्यात, आणि माझ्या डोक्याचा भरवसा मला लोकरींच्या वेळेपासून माहीत आहे.

त्या संध्याकाळी मीच घाईभाऊला फोन केला.

"टीचरचा फ्लॅट. कोणालाही आण, कधीही आण."

"उद्या सकाळी फोन करू का निघताना?"

"फोन नको. मी तिथेच असतो. दार उघडंच आहे."

"भाऊजी, आता कसं ताईंच्यासारखं बोललात," तो म्हणाला. आणि घाईघाईने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. एकाला स्वयंपाकघर लहान वाटलं. एकाने भिंतीवर टकटक करून बघितलं आणि मलाच विचारलं, आवाज बरोबर आहे का. एक आजोबा नुसतेच बघायला आले होते. तसं त्यांनी सांगितलं सुद्धा, "घ्यायचं नाहीये, पण घरी बसून काय करू?" मी त्यांना बाल्कनी दाखवली. प्रत्येक जण आतल्या खोलीत गेला की मी बाहेरच्या खोलीतच थांबायचो. माणसाला खिडकीपर्यंत एकट्याने जाऊ द्यायचं असतं. हे तिचं, आणि मला ते आता सोयीचंही होतं.

मग एक दिवस दुपारी घाईभाऊ एका जोडप्याला घेऊन आला. नवरा बस चालवायचा, अजून खाकी कपड्यांत होता. बायको कपडे शिवायची. बाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नवरा माझ्याशेजारी उभा राहून जांभया देत होता. "रात्रपाळी झालीय काका," तो म्हणाला. "हिने इथून सरळ घरी नेलं तर बरं, नाहीतर मी इथेच आडवा होतो."

"अहो, इकडे या ना," बाईने आतून हाक मारली. त्याला मारली का मला ते कळलं नाही, म्हणून दोघंही गेलो.

ती दिवाणाच्या बाजूला अवघडून उभी होती, हातात मोजायची फीत. "इथे खिडकीशी माझी मशीन येईल. इतकी वर्षं दिव्याखाली शिवतेय, डोळे गेले माझे. पण हा दिवाण मध्ये येतोय, नीट मापच घेता येत नाही."

घाईभाऊ पटकन पुढे झाला. माझ्याकडे बघत म्हणाला, "माप काय, अंदाजाने घेऊ. दिवाणाचं नंतर बघता येईल वहिनी. तो राहू द्या तिथेच सध्या."

"काका, इथे ऊन किती वेळ असतं दुपारचं?" बाईने मला विचारलं.

"चारपर्यंत चांगलं असतं. मग समोरच्या इमारतीमागे जातं."

"तुम्ही राहायचात का इथे?"

"नाही. माझी बायको यायची, दुपारची."

"शिवायला?"

"नाही. पडायला. आजारी होती. इथे जरा पडायची आणि मग घरी यायची."

घाईभाऊ तोंड वळवून खिडकीबाहेर बघायला लागला. गिऱ्हाईकासमोर असलं काही बोलायचं नसतं, आजारी माणसाचं तर नाहीच, हे मलाही माहीत होतं. पण बाईने तोंड वाकडं केलं नाही. ती दिवाणाकडे बघत राहिली, मग खिडकीकडे. तिच्या हातातली फीत आपोआप गुंडाळली गेली.

"झोप लागायची का त्यांना इथे?" तिने विचारलं.

मी विचार केला. काहीतरी चांगलं सांगता आलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "ती असताना मी इथे कधी आलो नाही."

ड्रायव्हरची जांभई अर्ध्यात थांबली होती. तो बायकोकडे बघत होता, आता काय करायचं म्हणून. मी दिवाणाच्या उशाकडच्या बाजूला गेलो, खाली वाकलो आणि कडेला दोन्ही हातांनी धरलं.

"ते दुसरं टोक धरा," मी त्याला म्हणालो. "त्या भिंतीला नेऊन लावू, म्हणजे यांना माप घेता येईल."

दिवाण जड होता. मध्ये एकदा खाली टेकवून दम घ्यावा लागला.